प्रभुभोजनाच्या रविवारचा चहा

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. उपासनेच्या शेवटी पावाचे छोटे तुकडे आणि बोटभर उंचीच्या पेल्यांतून द्राक्षरस सगळ्यांना दिला जातो. मेजावर पाव असला तरी शास्त्रातल्या शब्दाने आम्ही त्याला भाकरच म्हणतो. मी कसबा बावड्यातल्या या लहानशा बॅप्टिस्ट चर्चचा, आमच्या भाषेत मंडळीचा, पाळक. गेली सहा वर्षं त्या मेजामागे मी उभा राहतोय, आणि त्यातली बहुतेक वर्षं मी भाकर हातात घेतली की माझी आई उठून चहा ठेवायला स्वयंपाकघरात जायची.

नव्याने येणाऱ्यांना तिचं फार कौतुक वाटायचं. पाळकाची आई असून किती सेवाभावी, एक दिवस चुकत नाही. जुन्यांना खरं कारण ठाऊक होतं, पण त्यावर कोणी बोलत नसे. आईला प्रभुभोजन घेता येत नव्हतं.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. आम्ही बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाही. माणूस जाणता झाला, त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, की मग त्याला हौदात उतरवून पाण्याखाली पूर्ण बुडवायचं आणि वर काढायचं, हा आमचा बाप्तिस्मा. आई शहरातल्या दुसऱ्या पंथाच्या घरातली. तिकडे बाळाच्या कपाळावर पाणी लावतात. लग्न होऊन ती आमच्यात आली तेव्हा तिला सांगण्यात आलं, की तुझा तो बाप्तिस्मा आम्ही धरत नाही, आधी हौदात उतर आणि मग मेजावर ये. आई म्हणाली, "झालाय की माझा. देव काय इसरभोळा हाय व्हय, पुन्यांदा सांगायला?"

ती हौदात उतरली नाही. वडील गेले, मी मोठा झालो, पाळकांच्या सेमिनरीत शिकून आलो, फिरून ह्याच मंडळीचा पाळक झालो. आई आपली चहाच ठेवत राहिली. बाई हट्टी. तिच्या हट्टाचा निम्मा वाटा माझ्याकडे आलाय, आणि पाळकाला तेवढाही जास्तच होतो.

आणखी एक गोष्ट मला दर महिन्याला डाचायची. मेजावरचा द्राक्षरस आईच करायची. पूर्वी ते काम आमच्या थोरल्या डीकनांच्या बायकोकडे होतं. डीकन म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे, भोजनाचं तबक रांगांतून फिरवणारे. त्या बाई वारल्यावर कोणीच पुढे येईना, तेव्हा आईने काम उचललं. शनिवारी सकाळी काळ्या मनुका भिजत घालायच्या, संध्याकाळी उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या, अंदाजाने साखर घालायची. मी एकदा म्हटलं, "चाखून तरी बघ." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोरी शिकवतोय. "मेजावरचं हाय ते. मेजावर बसल्याबिगर कसं चाखू?"

म्हणजे रस तिच्या हातचा, आणि पेला तेवढा तिला नाही. मी वर्षानुवर्षं प्रीती आणि एकी यांवर प्रवचनं देत होतो आणि घरी येऊन तिच्या हातचं जेवत होतो. मला माझीच चीड यायची.

आम्ही पाच तरुण पाळक तेव्हा महिन्यातून एका सोमवारी कळंब्याच्या तलावाकाठी भेटायचो. पाळकाची सुट्टी सोमवारी. सगळे चाळिशीच्या आतले, सगळ्यांच्या मंडळ्या लहान, आणि सगळ्यांच्या मंडळ्यांतली पोरं हळूहळू रविवारी घरी झोपायला लागलेली. चंदगडचा आमचा मित्र एसटीने यायचा, पिशवीत काजू आणि पावसाळ्यात अंगावर ओल्या कपड्यांचा कुबट वास घेऊन. आम्ही बोलायचो ते एकाच विषयावर. आपल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या संघात पुन्हा जीव कसा यायचा? आमच्यात त्याला संजीवन म्हणतात. संजीवनाच्या सभा पूर्वीपासून होत आल्यात. मांडव पडतो, बाहेरगावचा वक्ता येतो, लोक रडतात, आणि पुढच्या रविवारी सगळे आपापल्या ठरलेल्या बाकावर बसतात. आम्हाला तसलं नको होतं. आम्हाला बाकं हलवायची होती.

शेवटी संघाला पत्र लिहायचं ठरलं. पहिल्या मसुद्यात अकरा मागण्या झाल्या. बायकांना डीकन होता यावं, पदाधिकाऱ्यांनी मरेपर्यंत खुर्ची धरून बसू नये, पोरांना गिटार वाजवू द्यावी, असं बरंच काही. चंदगडकराने ते सगळं वाचलं, काजू चघळत चघळत.

"अकरा मागितल्यावर अकरा मिळत न्हाईत," तो म्हणाला. "एक मिळंल. कुठलं पायजे ते आधी ठरवा की."

आणि तो माझ्याकडे बघत बसला. बाकीच्यांनीही माझ्याकडे बघितलं. माझ्या आईचा चहा सगळ्यांना माहीत होता. चंदगडकराच्या स्वतःच्या मंडळीतही दुसऱ्या पंथातून आलेली एक नर्स दर महिन्याला भोजनाच्या आधी उठून जायची. आम्ही दहा मागण्या बाजूला ठेवल्या आणि एकच लिहिली: ज्याचा ख्रिस्तावर विश्वास आहे, त्याचा बाप्तिस्मा कुठल्याही रीतीने झालेला असो, त्याला प्रभूच्या मेजावर येऊ द्यावं.

वर्षभर उत्तर आलं नाही. वार्षिक संमेलनात विषय निघणार असं कळलं तेव्हा मी तीन पानी भाषण पाठ केलं. मागच्या बाजूला जेवणाची पातेली वाजत होती, म्हणजे लोकांचं लक्ष कुठे होतं ते सांगायला नको. संघाचे अध्यक्ष म्हणजे एक वयोवृद्ध पाळक, कानात यंत्र घातलेले. त्यांनी आमचं पत्र सावकाश वाचून दाखवलं. मग त्यांनी पत्राची घडी घातली आणि आम्हा पाचांकडे चष्म्यावरून बघितलं.

"पोरांनो, तुम्ही बॅप्टिस्टच ना?"

आम्ही माना हलवल्या.

"आपल्यात प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते, हे सेमिनरीत शिकवलं होतं की नाही? मेजावर कोणाला घ्यायचं ते तुमची मंडळी ठरवते. त्यात आम्ही परवानगी देणारे कोण? तुम्ही आम्हाला विचारलंत कशाला?"

सभागृहात हसू फुटलं. माझी तीन पानं खिशातच राहिली. मुळात आमचा पंथ निघाला तोच वरच्यांची परवानगी नको म्हणून, आणि आम्ही त्यातले शिकलेसवरलेले पाच जण वर्षभर वरच्यांच्या परवानगीची वाट बघत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पहिल्यांदा लाज वाटली, मग राग आला, पण जेवायला बसलो तेव्हा दोन्ही ओसरलं होतं. त्या दिवशी मी तीनदा भात घेतला.

हा आनंद बावड्याला पोचेपर्यंतच टिकला. संघाने नाही म्हटलं असतं तर निदान दोष द्यायला कोणीतरी मिळालं असतं. आता माझ्याच मंडळीला विचारायचं होतं, आणि मंडळीला विचारायचं म्हणजे थोरल्या डीकनांना विचारायचं.

थोरले डीकन साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले. माझ्या वडिलांचे जिवलग मित्र, त्यामुळे आई त्यांना भावजी म्हणते आणि ते तिला वहिनी. बॉयलरच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांची कुजबुजही दोन घरं पलीकडे ऐकू जाते. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी नुकताच तापातून उठलो होतो. हौदातलं पाणी गार लागेल म्हणून ह्या माणसाने सायकलला दोन कॅन बांधून कारखान्यातून कढत पाणी आणून ओतलं होतं. अशा माणसाशी भांडायला जायचं म्हणजे पायच उचलत नाहीत.

गेलो. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले.

"हे समदं तुझ्या आईसाठी चाललंय."

चारचौघांत ते मला पाळकसाहेब म्हणतात. घरात मी अजून तूच.

"व्हय," मी म्हणालो.

"मग तसं म्हण की. संजीवन न् फिंजीवन कशाला मधी आनतोस?"

मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता. "ही पान्याला भ्यायची. हिचा भाऊ आडात बुडून गेलता. नदीवर धुणं धुवायला सुदीक जायची न्हाय. पर विश्वास धरला तवा हौदात उतरली. माझा हात असा धरलता, की नखं रुतली हुती. आता तू म्हणतोस, नुसतं कपाळाला पाणी लावलं तरी चालतंय. मग हिनं ते उगंच केलं व्हय?"

माझ्याकडे सेमिनरीतली उत्तरं खूप होती. त्यातलं एकही त्या फोटोसमोर काढण्यासारखं नव्हतं. मी चहा पिऊन घरी आलो आणि आईला काही सांगितलं नाही.

मंडळीची सभा उपासनेनंतर भरली. आई सभासद नाही, तेव्हा तिला मत नाही. ती सकाळीच बहिणीकडे कळंब्याला निघून गेली होती. जाताना एवढंच म्हणाली, "माझं नाव काडू नगोस तिथं." मी नाव काढलं नाही. काढायची गरजही नव्हती, कारण सगळ्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होती. आमच्यात मतदान हात वर करून होतं आणि हात मोजण्याचा मान थोरल्या डीकनांचा. त्यांनी बाजूचे हात मोजले, मग विरोधातले मोजले, त्यात स्वतःचा धरला, आणि पुढे येऊन सांगितलं, "बाजूनं जास्त हाईत. मंडळीनं ठरवलं ते ठरलं."

मला इतकं हलकं वाटलं की आशीर्वाद उच्चारायचाच विसरलो, लोक ताटकळत उभे. बाहेर येऊन आईला फोन लावला. ती म्हणाली, "बरं." आणि मग, "इकडं येताना दही आन."

पुढचा पहिला रविवार आला. आईने ठेवणीतलं जांभळ्या काठाचं पातळ नेसलं होतं. मी भाकर हातात घेतली. आई जागची हलली नाही. तेवढ्यात पुढच्या बाकाचा आवाज झाला. थोरले डीकन उठले होते. तबक दुसऱ्या डीकनांकडे सोपवून ते मधल्या वाटेने मागे गेले आणि आईच्या बाकापाशी आपल्या परीने हळू आवाजात म्हणाले, "बसा वहिनी. चहा मी बघतो."

सगळ्या मंडळीला ते ऐकू गेलं. कित्येकांना गहिवरून आलं. पण मला कळलं, आणि आईलाही कळलं. मंडळीचा निर्णय त्यांनी मानला होता, पण त्या मेजावर बसायला त्यांचं मन तयार नव्हतं, म्हणून ते उठून गेले होते. तबक आईपर्यंत आलं. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि पेला न उचलता तबक पुढे दिलं.

त्या दिवशीचा चहा डांबरासारखा झाला होता. बॉयलरवरच्या माणसाला उकळी कधी थांबवायची ते कळत नसावं.

घरी येऊन मी आईवर भडकलो. चाळीस वर्षं थांबलीस, आम्ही पत्रं लिहिली, सभा घेतल्या, आणि ऐन वेळी तूच मागे सरलीस. तिने शांतपणे पातळाची घडी घातली.

"भाईर बसल्यावर कसं वाटतंय ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्यास्नी तिथं बसवून मी आत खाऊ व्हय? तुमचं संजीवन म्हंजे संगीत खुर्ची झाली की रं."

दुसऱ्या महिन्यात त्याहून पुढची तऱ्हा. मी भाकर घेतली, डीकन उठले, आणि त्यांच्यामागून आईही उठली. मी मेजामागे उभा, आणि ज्या दोघांसाठी माझा जीव टांगणीला लागला होता ते दोघंही आत गॅसपाशी. सांडशी पडल्याचा आवाज आला. मी पवित्र शास्त्रातली ओळ चुकवली.

आत काय झालं ते आईने नंतर सांगितलं. ती त्यांना म्हणाली होती, "मी पान्याला भीत न्हाय भावजी. पर माझी आई मला कडंवर घेऊन गेलती चर्चात, कपाळाला पाणी लावायला. आजारी हुती, तरी चालत गेलती. ते खोटं हुतं म्हणायचं माझ्यानं हुईना." डीकनांनी पडलेली सांडशी उचलून ठेवली. मग म्हणाले, "आमच्या हिनं बी हेच म्हटलं असतं." आणि साखर कमी घाला म्हणाले.

मी हे सोमवारी तलावाकाठी मित्रांना सांगितलं. कोणी काही सुचवलं नाही. चंदगडकर म्हणाला, "आपण पाची जण गप बसूया. त्यांचं ते बघतील." आम्ही संघ बदलायला निघालेले लोक, आणि गप्प बसण्याइतकं अवघड काम आम्हाला आजवर कोणी दिलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आई माझ्या आधी घरातून बाहेर पडली. मी चर्चमध्ये पोचलो तर मागच्या भिंतीशी टेबलावर चहाचा मोठा स्टीलचा थर्मास, लग्नाच्या मांडवात असतो तसला. ओळखीच्या मंडपवाल्याकडून आणलेला. चहा घरी करून, भरून, रिक्षातून आणला होता. थोरले डीकन आत आले तशी ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"चहा झालाय भावजी. आता भाईर काय काम न्हाय. तुम्हाला बी न् मला बी."

डीकनांनी थर्मासकडे बघितलं. "गरम करायला लागंल की मागनं."

"गॅसचा रेग्युलेटर काडून ठेवलाय," आई म्हणाली, आणि पर्सवर हात ठेवून आपल्या बाकावर जाऊन बसली.

उपासना झाली. मी भाकर हातात घेतली आणि कोणाकडे बघायचं नाही असं ठरवून सगळीकडे बघितलं. डीकन अर्धवट उठले. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांची मान वळली, तिथेच थांबली. ते पुन्हा खाली बसले. मी प्रार्थना लांबवली, जितकी लांबवता येईल तितकी. माझ्या प्रार्थनेत त्या दिवशी सगळ्या जगाचे आजारी आणि प्रवासी येऊन गेले. डोळे उघडले तेव्हा डीकन माझ्यासमोर उभे होते आणि त्यांनी तबकासाठी दोन्ही हात पुढे केले होते.

मी तबक दिलं. ते रांगेरांगेने फिरले. आईच्या बाकापाशी थांबले. मला वाटलं आता वळतील.

"घ्या वहिनी," ते म्हणाले, आणि ह्या वेळी आवाज खरंच हळू होता. मला तो ओठांवरूनच कळला.

आईने पेला उचलला. दोन्ही हातांत धरून एका घोटात प्यायली, औषध घेतात तसा. आमच्यात तबक फिरवणारा सगळ्यांच्या शेवटी पाळकाच्या हातून घेतो. डीकन माझ्यासमोर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. माझेही होते, आणि मी ते पुसले नाहीत. त्यांचं मत बदललं का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

थर्मासातला चहा कोमट निघाला. लोक नाकं मुरडत प्यायले. डीकनांनी दोन कप घेतले आणि असला चहा आपल्या जन्मात प्यालो नव्हतो हे सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं सांगितलं.

आता चहा उपासना संपल्यावर ठेवतात, थोडा वेळ लागतो, पण कोणी तक्रार करत नाही. बाकीच्या दहा मागण्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. गिटारीचा विषय पुढच्या सभेत घ्यायचाय, आणि ह्या वेळी परवानगी कोणाची घ्यायची ते आम्हाला माहीत आहे.

त्या रविवारी आई आणि मी रिकामा थर्मास दोन्ही कानांना धरून घरी चालत निघालो. कारखान्याकडून मळीचा वास येत होता. मीच न राहवून विचारलं, "कसं वाटलं?"

ती थांबली, थर्मास खाली ठेवला.

"लई ग्वाड हुतोय की रं रस," ती म्हणाली. "इतकी वर्सं पिताय समदी, आन् एकानं सांगितलं न्हाय मला."